शहाण्णव हजार आठशे पंचेचाळीस

प्रिय बारके,

बाबांच्या फोनवर तू पाठवलेला निरोप त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला आणि तिसऱ्यांदा मी स्वतः वाचला. ‘लेकीला यंदापासून रसायनशास्त्र आहे. आईच्या जुन्या वहीतली स्थिरांकांची, सूत्रांची आणि नियमांची यादी उतरवून मिळेल का, विचारा.’ इतकंच. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हे सगळे आकडे कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेले असतात. तुझ्या लेकीच्या फोनमध्येही असतील. मग तेवीस वर्षं माझ्याशी तब्येत आणि हवापाणी यांच्यापलीकडे न बोललेली मुलगी नेमकी माझ्याच वहीतली यादी का मागते? बाबा म्हणाले, “अगं, नातीला आजीच्या हातचं काहीतरी असावं, असं वाटलं असेल तिला.” मी म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. ते डोळ्याला भिंग लावून घड्याळाचं झाकण बसवत राहिले. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला बिघाड कुठे आहे ते चटकन कळतं, पण बायकोला तो दाखवायची सोय नसते.

माझा स्वभाव तुला नवा नाही. शाळेत मुलं मला पाठीमागे ‘लिटमस बाई’ म्हणायची, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. खोटं समोर आलं की बाई लाल होतात, असा त्याचा अर्थ. मला ते नाव मनातून आवडायचं. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत एकाच ठिकाणी एकच खाडाखोड दिसली, की मी त्यांच्या बाकांमधलं अंतर फुटपट्टीने मोजायची. प्रयोगात ज्या मुलाचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळायचं, त्याला मी पुन्हा करायला लावायची, कारण खऱ्या हातांनी केलेल्या प्रयोगात थोडी तरी चूक राहतेच. इतरांच्या बाबतीत हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं.

तर यादी करायला बसले. पोलादी कपाटातून माझी वही काढली, तीच, मी शाळेत असताना सुरू केलेली, कापडी बांधणीची. मला आता पटकन लिहिता येत नाही, अंगठा दुखतो, म्हणून रोज एक पान असं ठरवलं. ॲव्होगॅड्रोचा अंक, वायूंचा स्थिरांक, शून्य अंशाला आणि एक वातावरण दाबाला एक मोल वायूने व्यापलेले बावीस पूर्णांक चार लिटर. पाण्यातल्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांचा गुणाकार. सेल्सिअसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवल्याशिवाय वायूच्या गणिताला हात लावायचा नाही, हा नियम लाल शाईत. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही, हा नियम चौकटीत. तुझ्या लेकीला आणखी एक गोष्ट सांग: आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर तो आकडा अनाथ असतो, तो कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक ओळ मी छापील पुस्तकाशी ताडून मगच उतरवत होते, कारण माझा छापील पुस्तकावरही पुरता विश्वास नाही. चौथ्या दिवशी विद्युत-रसायनाच्या पानावर आले आणि पेन खाली ठेवलं. यादी तिथून पुढे तीन दिवस हलली नाही.

तिथे का थांबले, ते सांगण्याआधी तुझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षाबद्दल मला माझ्या बाजूने लिहायचं आहे. तुझी बाजू तुला माहीत आहेच. माझी मी कधी कुणाला नीट सांगितली नाही, बाबांनासुद्धा नाही. सराव परीक्षेचा पेपर मी काढला होता. त्यात एक प्रश्न होता: तांब्याच्या क्षाराच्या द्रावणातून अर्धा मोल तांबं जमा करायला किती कूलोम विद्युतभार लागेल, उत्तर पाच अंकांत द्या. अर्ध्या मोल तांब्याला एक मोल इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे उत्तर फॅरडेचा स्थिरांकच. वर्गात मी ढोबळ शहाण्णव हजार पाचशे वापरायला शिकवत असे, पण ज्यांनी नेमका आकडा पाठ केला आहे ते कोण, हे मला पाहायचं होतं. पेपरची आदर्श उत्तरं मी एका संध्याकाळी घरी लिहिली, टेबलाच्या खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर माझ्या कागदावर शहाण्णव हजार आठशे पंचेचाळीस होतं आणि तक्त्यावर शहाण्णव हजार चारशे पंच्याऐंशी. लिहिताना आठ आणि चार यांची अदलाबदल झाली, हात घसरला, असं म्हणून मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. कुणी पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी उत्तरपत्रिका तपासल्या. चाळीस मुलं. काहींनी ढोबळ आकडा लिहिला होता, काहींनी बरोबर, दोघांनी प्रश्न सोडला होता. एकाच उत्तरपत्रिकेत शहाण्णव हजार आठशे पंचेचाळीस होतं. क्रमांक पाहायची गरज नव्हती, अक्षर मी रोज घरात पाहत होते. बारके, तू माझ्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस? जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसलेला आकडा. तो फक्त माझ्या एका कागदावर, एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, आपल्या घरातल्या एका खणात होता. आणि त्या घरात तू होतीस. माझ्या हिशेबाने याहून पक्का पुरावा असूच शकत नव्हता.

कुलूप कसं उघडलं, हा एकच प्रश्न उरला होता आणि त्याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. बाबांकडे सुईएवढे पेचकस होते. मी खणाच्या कुलपाभोवती ओरखडे शोधले, आणि खरं सांगते, मला ते सापडलेही. शोधणाऱ्याला जुन्या टेबलावर ओरखडे सापडतातच. महिनाभर मी बाबांना चहा देतानाही त्यांच्या हातांकडे पाहत असे. ते तुला लहानपणापासून सगळं माफ करत आले होते, तेव्हा एवढं केलं असेल, असं मी मनाशी धरून बसले. त्यांना विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ते ‘नाही’ म्हणाले असते आणि मग मला तेही खोटं वाटलं असतं.

तुला विचारलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझी उत्तरपत्रिका ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं. “हा आकडा कुठून मिळाला?” तू आधी ओळीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, “तुझ्याकडूनच.” तुझ्या आवाजात भीती नव्हती. उलट तुला थोडं हसू आल्यासारखं वाटलं. मला वाटलं, केवढी ही उर्मट पोर, चोरी करते आणि वर तोंड करून सांगते. तू पुढे काहीतरी म्हणायला लागलीस. मी हात वर करून थांबवलं. कबुली मिळाल्यावर ऐकायचं काय उरतं, असा माझा विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात उभी राहिलीस तेव्हा तुझ्या हातात एक पिवळ्या पुठ्ठ्याची वही होती. “एकदा बघ तरी,” म्हणालीस. मी म्हटलं, “एका रात्रीत कितीही वह्या लिहून तयार करता येतात.” बाबा मागून म्हणाले, “अगं, बघायला काय जातं?” मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दुकानात निघून गेले, त्या दिवशी डबाही न घेता. तू ती वही खाली केलीस. त्यानंतर तू मला काहीच दाखवायला आणली नाहीस, प्रगतिपुस्तकसुद्धा नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः मोठ्या बाईंकडे गेले, तुझ्या पेपरवर शून्य मांडलं आणि शाळेच्या नोंदवहीत तुझ्या नावापुढे ‘परीक्षेत गैरप्रकार’ असा शेरा लिहायला लावला. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, घरातल्या घरात मिटवा. मी म्हटलं, आपला तो बाब्या असं माझ्याकडे चालत नाही. त्या शेऱ्यामुळे तुला विज्ञानाच्या पुढच्या वर्गात घेतलं नाही. तू चष्म्याच्या दुकानात काचा घासायला शिकलीस, नंतर दुसऱ्या शहरात गेलीस, लग्न ठरल्याचं बाबांना आधी सांगितलंस. शाळेत मात्र माझा मान वाढला. स्वतःच्या मुलीला शून्य देणारी बाई. नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगितली जायची. मी समोर असले की मी नजर खाली करायची, आणि बारके, त्यात नम्रता फारशी नसायची.

आता त्या चौथ्या दिवसाकडे येते. विद्युत-रसायनाचं पान उघडलं आणि फॅरडेच्या स्थिरांकापुढे माझ्याच अक्षरात, शाळकरी वयातल्या, फिकट निळ्या शाईत लिहिलं होतं: शहाण्णव हजार आठशे पंचेचाळीस. म्हणजे त्या संध्याकाळी माझा हात घसरला नव्हता. मी या वहीतून पाहून उतरवलं होतं. चूक पन्नासएक वर्षं जुनी होती, फळ्यावरून उतरवताना झालेली. वर्गात मी कायम ढोबळ आकडा वापरला म्हणून ती कधी वर आली नाही. कागदावरची चूक सापडली त्या दिवशी घरी येऊन ही वही उघडून पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला, कुलपावर घेतला, पेचकसांवर घेतला. माझ्या वहीवर घेतला नाही.

तरीही मी लगेच मानलं नाही, हेही लिहून टाकते. वही कपाटात असायची आणि कपाटाला तू हात लावायचा नाहीस असा नियम होता. मग तुझी पेटी आठवली, लग्नानंतर तू मागे ठेवून गेलीस ती, जिन्याखालची. बाबांना बाजूला करून मी खाली बसले, गुडघे कुरकुरत होते, आणि एकेक गोष्ट बाहेर काढली. जुने बूट, चित्रकलेची पाटी, तुटलेला कंपास. तळाला पिवळ्या पुठ्ठ्याची वही. तिच्यात माझी सगळी वही उतरवलेली होती, पानामागून पान, माझ्या चौकटींसकट. आकडे तू माझ्या वळणाने काढले होतेस, आठचा खालचा गोल मोठा, जसा मी काढते. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने काहीतरी होतं. ‘आई यायला एकेचाळीस दिवस.’ पुढच्या पानावर चाळीस. मग एकोणचाळीस.

तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा मी माझ्या आईच्या आजारपणात दोन महिने तिच्याकडे जाऊन राहिले होते. जाताना घाईत कपाट उघडं राहिलं असणार. मी आल्यावर तू मला काही सांगितलं नाहीस, कारण कपाटाला हात लावायचा नव्हता.

ते कोपरे वाचून माझ्यातल्या आईला रडू आलं आणि माझ्यातली लिटमस बाई म्हणाली, थांब. पेन्सिलीने तारखा नंतरही घालता येतात. ओशाळून लिहिते आहे, पण तुझ्यापासून आता काही झाकायचं नाही. मी भिंग मागून घेतलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. विद्राव्यतेच्या नियमांपाशी थांबले. माझ्या वहीत मूळ ओळ आहे, ‘सर्व सल्फेटे पाण्यात विरघळतात’, आणि तिच्यावर लाल शाईत मी नंतर जोडलंय, ‘बेरियम व शिसे यांची सोडून’, पुढे तारीख. माझी सवय तुला माहीत आहे, दुरुस्ती केली की तारीख घालायची. ती तारीख तुझ्या परीक्षेच्या वर्षभर आधीची आहे. तुझ्या वहीत फक्त मूळ ओळ आहे. लाल दुरुस्ती नाही. अशा एकूण सात जागा सापडल्या. म्हणजे मी दुरुस्त्या करण्याच्या आधीच तू ती उतरवली होतीस. एका रात्रीत तयार केलेल्या वहीत त्या दुरुस्त्या आल्याच असत्या. आता संशयाला कुठेही जागा उरली नाही. फॅरडेचं पान उघडलं. आठशे पंचेचाळीस. त्याच्या खाली, ‘आई यायला एकोणीस दिवस’.

बाबांना दोन्ही पानं दाखवली. ते बराच वेळ भिंग खाली-वर करत राहिले. मग म्हणाले, “ती वही उतरवताना मी पाहिलं होतं तिला. रोज दुकानात माझ्या शेजारी बसून लिहायची. पण भानगड कोणत्या आकड्यावरून झाली, हे तू मला कधी सांगितलंसच नाहीस.” खरं होतं. पुरावा बाहेर फुटू नये म्हणून मी तो आकडा घरात उच्चारला नव्हता. ज्या एका माणसाने पाच मिनिटांत सगळं सोडवलं असतं, त्यालाच मी आरोपी करून ठेवलं होतं. मी त्यांना पेचकसांचंही सांगितलं. ते म्हणाले, “मला वाटलंच होतं. म्हणून मी त्या महिन्यात पेचकसांची पेटी दुकानातच ठेवून यायचो.” एवढं बोलून ते चहा करायला गेले, आणि मी आत जाऊन त्यांचं तोंड बघायचं धाडस केलं नाही.

मग तुझा निरोप मी पुन्हा वाचला. ‘आईच्या जुन्या वहीतली.’ तुला ठाऊक होतं का, की मी एकेक ओळ ताडून उतरवीन? तो आकडा चुकीचा होता, हे तुला पुढे कधीतरी कळलं असणारच, काचा घासणारी माणसं आकड्यांत कच्ची नसतात. तू मला मुद्दाम त्या पानापर्यंत चालवत नेलंस, की खरंच फक्त लेकीसाठी यादी हवी होती? मी हा संशय बाबांना बोलून दाखवला तर ते म्हणाले, तिलाच विचार. मी विचारत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला चालेल. यादी पुरी करून या पाकिटात घातली आहे. फॅरडेचा आकडा बरोबर लिहिला आहे, तो लेकीला तीनदा म्हणायला लाव.

गेल्या सोमवारी मी शाळेत गेले. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी, तुझ्या पुढे तीन वर्षं. मी दोन्ही वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या, मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, “बाई, राहू द्या आता. इतकी वर्षं आम्ही मुलांना तुमची गोष्ट सांगतो.” मी म्हटलं, ती अर्धीच सांगत होता, पुढची मी लिहून आणली आहे. शिक्षकांच्या सभेत मी ती उभी राहून वाचली. एक तरुण शिक्षक खाली मान घालून टेबलावरचा खडू फिरवत होता, त्याला माझी लाज वाटत होती की स्वतःचं काही आठवलं होतं, ते मला कळलं नाही. मुख्याध्यापिकांनी कपाटातून ती जुनी नोंदवही काढली. तुझ्या नावापुढे तो शेरा माझ्याच आग्रहाने लिहिलेला, खाली माझी सही. मी पेन उघडलं तर लेखनिकाने नोंदवही मागे ओढली.

शेरा शिक्षिकेला खोडता येत नाही, असा नियम आहे. ज्याच्या नावापुढे तो आहे त्याला स्वतः लेखी अर्ज द्यावा लागतो. हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं. अर्ज सोबत आहे. माझा भाग मी भरला आहे: गुण सत्तरपैकी त्रेसष्ट, शून्य मांडण्याआधी मी तेवढे दिले होते आणि ते मला आजही पाठ आहेत. त्या एका आकड्याचा एक गुण कापलेला होता, तो मी परत दिलेला नाही, कारण उत्तर चुकलेलंच होतं. तुला वाटलं तर भांड माझ्याशी. ‘गैरप्रकार कोणाचा’ असा रकाना अर्जात नव्हता, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला माझं नाव लिहून सही केली आहे. तुझी जागा मोकळी आहे. एका सहीने तुझी हुकलेली वर्षं भरून येत नाहीत, हे मला समजतं. सही करायची नसेल तर अर्ज फाडून टाक, शेरा तसाच राहू दे, मी त्याच्याखाली खरी हकिकत डकवून घेण्याचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तू काय करशील याचे आडाखे आधीच बांधायचे नाहीत, असं मी परवा ठरवलं. अजून एकही दिवस ते जमलेलं नाही.

तुझीच, आणि तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
आई